काचेवरचा साप

कुडाळला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटी, टेम्पोच्या मागची देवांची नावं, दवाखान्यांच्या काचांवरची अक्षरं, हे सगळं मी रंगीत चिकट कागदातून कापून देतो. आधी सगळं ब्लेडने हातानेच कापायचो. आता मशीन आहे. पण मशीन फक्त रेघ मारून देतं. नको असलेला भाग सुईच्या टोकाने उचलून काढायचं काम अजून माणसाचंच आहे. गेली वीस-बावीस वर्षं मी ते करतो.

हे लिहून कोणाचं भलं होईल असं मला वाटत नाही. पण मी केलेली एक गोष्ट बराच काळ माझ्या भावोजींच्या नावावर राहिली. ती एकदा माझ्या नावावर लिहून ठेवायची आहे.

भावोजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांचं घर मिठबावला. ते सैन्याच्या वैद्यकीय तुकडीत होते. डॉक्टर नव्हेत. जखमी माणसाला उचलून आणणं, रक्त थांबवणं, पट्टी बांधणं, रात्र-रात्र उशाशी बसणं, हे त्यांचं काम. गावात मात्र सगळे त्यांना मिलिटरी डॉक्टर म्हणायचे. ते प्रत्येकाला समजावून सांगायचे की मी डॉक्टर नाही, आणि शेवटी सोडून द्यायचे.

एका श्रावणात ते रजेवर आले होते. दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. दुकान बंद होतं म्हणून ते थेट माझ्या घरी आले. मशीन मी घरीच ठेवतो. त्यांना मोटारसायकलच्या टाकीवर लावायला तुकडीचं चिन्ह हवं होतं. मी मोबाइलवर शोधून एक नक्षी काढली आणि त्यांना दाखवली. मध्ये काठी, तिला वेढे घातलेले दोन साप, वर पंख.

"ह्यां खंयचां हाडलंस, मेवण्या?"

"कुडाळातल्या निम्म्या डॉक्टरांच्या गाडयेर ह्यांच आसा. मीच लायलंय."

"मगे निम्म्यांचां चुकलां. दोन साप नि पंख म्हणजे तिकडच्या व्यापाऱ्यांच्या देवाची काठी. आमचो साप एकच. नि आमका पंख कित्याक? आमका चलतच जावचां असता."

त्यांनी टोपीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. मी तो कागदावर उतरवू लागलो. एक सरळ काठी, तिच्याभोवती खालून वर चढलेला एक साप, दोन्ही बाजूंनी पानांची कमान, खाली पट्टीत बारीक अक्षरांत संस्कृत ओळ. सगळ्यांना आरोग्य लाभो, अशा अर्थाची. ती अक्षरं मशीनला जमण्यासारखी नव्हती, फाटली असती. मी ओळ गाळली. भावोजी म्हणाले चालेल, माणसं साप बघतात, ओळ कोण वाचतो.

तेवढ्यात माझी बायको बाहेर आली. त्या दिवशी नागपंचमी होती. आमच्याकडे त्या दिवशी काही चिरत नाहीत, कापत नाहीत, विळीला हात लावत नाहीत. ती हळदीच्या पानात पातोळे करत होती. माझ्या हातात ब्लेड आणि समोर साप बघून ती दारातच थांबली.

"आज साधी मिरची चिरूक नाय मी. नि तुमी साप कापतास?"

"वैनी, तो कापणा नाय, काढता," भावोजी म्हणाले.

"ब्लेडान?"

"माजेसाठी रेल्वे थांबतली काय? उद्या जावचां आसा. नागोबाक सांग, मिलिटरीचो हुकूम आसा."

ती हसली नाही. आत गेली. पण थोड्या वेळाने पातोळे मात्र दोघांनाही आणून दिले.

साप काढताना मला एक अडचण आली. बिल्ल्यावर त्याचे वेढे पुष्कळ होते, आणि छोट्या आकारात दोन वेढ्यांमधली फट बुजत होती. मी एक वेढा कमी करू का, असं विचारलं. भावोजी म्हणाले, कर. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या ट्रेनिंगच्या उस्तादाच्या मते हा मुळात सापच नाही, नारू आहे. पूर्वी माणसाच्या पायातून नारूचा किडा बाहेर येई. वैद्य त्याचं टोक एका काडीला गुंडाळायचा आणि रोज एक वेढा द्यायचा. घाई केली तर किडा तुटायचा आणि पाय सडायचा. म्हणून ज्याने काडी धरली त्याला शेवटचा वेढा होईपर्यंत रोज यावंच लागायचं. हे खरं की उस्तादाने रचलेलं, ते मला माहीत नाही. भावोजींना ते खरं वाटत होतं.

पानांच्या बाबतीत माझी चूक झाली. बिल्ल्यावरची पानं आखूड होती. माझा हात दारावरची तोरणं कापून बसलेला. माझ्याकडून लांबट, मध्ये शीर असलेली पानं निघाली. भावोजींनी चिन्ह डोळ्यांसमोर धरलं आणि मोठ्याने हसले.

"ही तर आंब्याची पानां! जावंदे. मिठबावच्या माणसाचां चिन्ह म्हटल्यार शोभतलां."

मी मशीनवर एकाऐवजी दोन कापली होती. एखादं साफ करताना फाटलं तर हाताशी असावं म्हणून. एकही फाटलं नाही. एक ते घेऊन गेले. दुसरं माझ्या खणात राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात साथीमुळे सगळं बंद पडलं. दुकान बंद होतं, पण मी घरून दूधवाल्यांना, गॅसवाल्यांना 'अत्यावश्यक सेवा' अशी अक्षरं कापून देत होतो. भावोजी तेव्हा उत्तरेत, डोंगरात कुठेतरी होते. बहीण मिठबावला एकटी. तिच्या कलमांवरचे आंबे तयार झाले होते आणि घेणारा कोणी येत नव्हता. तिने मला फोन केला. माझ्याकडे जुनी व्हॅन होती.

गाडी बाहेर काढायचा पास मिळाला असता. अर्ज करायचा आणि दोन-तीन दिवस थांबायचं. मला थांबायचं नव्हतं. मी खणातलं चिन्ह काढलं आणि व्हॅनच्या पुढच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात लावलं.

वाटेत नाक्यावर पोलीस उभे होते. त्यातल्या एकाने काचेकडे बघितलं, दोन पावलं मागे सरला आणि मला सलाम केला. मी हात वर केला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आयुष्यात मला कोणी सलाम केला नव्हता. दुसऱ्या खेपेला मी नाका यायच्या आधीच जरा ताठ बसलो.

तिसऱ्या खेपेला, आंबे भरून बहिणीच्या घराकडून निघालो आणि दोनएक मैलांवर, ओढ्यावरच्या एका मोरीपाशी, एक माणूस रस्त्यात आला. पस्तिशीचा असेल. तोंडाला टॉवेल बांधलेला. त्याने दोन्ही हात वर करून गाडी थांबवली. मोरीच्या कठड्यावर एक म्हातारी बसली होती. कडक उन्हात तिच्या अंगावर चादर होती.

मी काच चार बोटं खाली केली.

"सायबा, माझे आवशीक दम लागलो हा. सकाळपासून वाट बघतंय, गाडी खंयच गावणा नाय."

"मी डॉक्टर नाय," मी म्हणालो. माझ्या तोंडाला मास्क होता. त्याला ऐकू आलं नसावं, किंवा आलं तरी पटलं नसावं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो काचेवरच्या सापाकडे बघत होता.

"तुमी मिलिटरीचे. तुमकाच कळतलां. वायच बघा तरी."

माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मागे आंब्याच्या पेट्या होत्या, पण त्या उतरवून ठेवता आल्या असत्या. मला त्या चादरीची भीती वाटली. एवढंच कारण. दुसरं शोधलं तरी सापडत नाही.

"ॲम्ब्युलन्स धाडतंय," मी म्हणालो. "हंयसरच थांबा."

"धाडतास मां?"

"धाडतंय."

त्याने हात जोडले. मी काच वर केली.

पुढे नाका आला. तोच पोलीस होता. मी सांगितलं असतं तर त्याने तिथूनच गाडी मागवली असती. पण त्याने आधी विचारलं असतं, सर, तुम्ही कुठल्या युनिटचे. त्याने सलाम केला. मी हात वर केला आणि गेलो. फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. ॲम्ब्युलन्सचा नंबर मला पाठ आहे. तो मी स्वतः कितीतरी गाड्यांवर कापून लावला आहे. मी पुढे जाऊन करतो म्हणालो, मग आणखी पुढे जाऊन. मग कुडाळ आलं.

घरी पेट्या उतरवल्या. बायकोने आंबे पेंढ्यात लावले. मी हेअर ड्रायर आणून काच तापवली. साप शेपटीकडून सुटायला लागला आणि पानांसकट एका तुकड्यात निघाला. मी त्याची गोळी केली आणि टाकून दिली. मग जेवलो. फार वाईट वाटलं असं लिहिणं बरं दिसलं असतं, पण मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर माणसं आंबे न्यायला आली, मी त्यांना निवडून दिले, चव कशी आहे ते सांगितलं. पावसाळ्यात व्हॅनची काच वाफेने धुरकट झाली की डाव्या कोपऱ्यात, गोंद राहिला होता तिथे, काठी आणि वेढे दिसायचे. मी हाताने पुसायचो. आत काही हलायचं नाही. मला वाटलं, संपलं.

पुढे भावोजी निवृत्त होऊन आले. त्यांनी घराची पडवी रंगवून घेतली, टेबल ठेवलं, रक्तदाब आणि साखर तपासायची यंत्रं आणली. रोज सकाळी दोन तास, कोणालाही फुकट. जखम असेल तर पट्टी. त्यांनी मला फोन केला, "फाटकार लावूक चिन्ह कर. मोठां. आंब्याच्या पानांचांच कर, तां आमचां."

मी हो म्हणालो. मग चिन्हाचा लाल कागद संपला आहे म्हणालो. मग मशीन बिघडलंय म्हणालो. असे कितीतरी महिने गेले. भावोजींनी तगादा लावला नाही.

एका रविवारी बहीण कुडाळला आली. चहा पुढ्यात थंड होऊ दिला आणि म्हणाली, "त्यांच्याकडे कोण येणा नाय रे."

"म्हणजे?"

"पयल्यांदा चार माणसां इली, मगे बंद. रोज इस्त्रीचो शर्ट घालून पडवयेत बसतत. दोन तासांनी यंत्र पुसून ठेवतत. लोकां म्हणतत, हेनी बंदच्या टायमाक एक म्हातारी रस्त्यार सोडली नि गाडी घेवन गेले. ती मेली. तिचो झिल सगळीकडे सांगता."

"तेव्हा ते हंय नव्हतेच."

"मी सांगतंय मां! पण त्येना आपल्या डोळ्यांनी बघलेलां. मास्क लावलेलो माणूस, गाडी आमच्याच घराकडसून इलेली, काचेर साप नि भोवती आंब्याची पानां. तसलां चिन्ह मोटारसायकलीर आसा तां अख्ख्या गावान बघलेलां. दुसऱ्या कोणाकडे आसा सांग."

मी बशी उचलून आत नेऊन ठेवली. नळाखाली हात धरून उभा राहिलो.

"ते काय म्हणतत?" मी आतूनच विचारलं.

"काय म्हणतले? बाजारात एकान टोमणो मारलो, मिलिटरीची गाडी थांबणा नाय म्हणान. हे गप मासे घेवन इले. मी म्हटलां, तुमी बोलणास नाय कित्याक? म्हणतत, त्या बाईक कोणी तरी सोडल्यान हा नक्की. आधी तां कोण, कळांदे."

तिला माझ्यावर संशय आला होता का, ते मी आजवर विचारलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी मिठबावला गेलो. चिन्ह नेलं नव्हतं. सकाळची वेळ होती. भावोजी पडवीत बसले होते, शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. मला बघून म्हणाले, "ये. आज एक पेशंट तरी गावलो," आणि माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. ते हवा भरायला लागले.

"भावोजी, माका..."

"बोलू नको. बोललंस की आकडो चुकता."

पट्टा आवळत गेला, मग हळूहळू सैल होत गेला. त्यांनी कानातली नळी काढली.

"हां, बोल."

"मी तेव्हा दोन कापलेले."

त्यांना लगेच कळलं नाही. मग कळलं. त्यांनी पट्टा माझ्या दंडावरून काढला, गुंडाळला, डबीत ठेवला. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते विचारायला लागले, एकेक प्रश्न, मध्ये थांबून.

"ती बसलेली की आडवी?"

"बसलेली."

"ओठ कसले होते? निळे?"

"म्हायत नाय."

"बोलताना मधीच थांबा होती?"

"बोलूकच नाय ती. मी... मी आयकूक नाय."

"बोटां बघलंस?"

"चादर होती. मी बघूक नाय, भावोजी. काच चार बोटां खाली केललंय."

त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"मगे माका सांगूक येवचां नाय," ते म्हणाले. "तुझ्यामुळे गेली की तशीच गेली असती. तां बघणाराच सांगू शकता." त्यांनी एका चिठ्ठीवर माझा रक्तदाब लिहिला, तारीख घातली आणि चिठ्ठी मला दिली. मग चपला घातल्या.

"चल. तिचो झिल घराकडे आसतलो."

आम्ही त्यांच्या मोटारसायकलवरून गेलो. टाकीवर माझं चिन्ह होतं, उन्हाने फिकट झालेलं, पण एकही कडा सुटलेली नव्हती. मी मागे बसून ते बघत होतो. काम चांगलं झालं होतं.

तो माणूस अंगणात रातांबे फोडत बसला होता. कोकमासाठी साली एका बाजूला, बिया दुसऱ्या बाजूला. त्याचे हात मनगटापर्यंत लाल होते. भावोजींना बघून तो उठला नाही.

"काय सायब, आज गाडी थांबली वाटता?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं नाही. ते अंगणाच्या कडेला उभे राहिले.

"त्या दिवशी गाडयेत हे नव्हते," मी म्हणालो. "मी होतंय."

त्याचा हात थांबला.

"तुमी डॉक्टर?"

"नाय."

"मगे मिलिटरीत?"

"नाय."

"मगे कोण?"

"मी रेडियम कापतंय. कुडाळाक. साप मीच काढललंय. आंबे न्हेवचे होते म्हणान काचेर लायललंय."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मास्कशिवाय मी कसा दिसतो ते बघत असावा. मग हातातला रातांबा फोडून सालीच्या ढिगात टाकला आणि बोलायला लागला, जणू मला नाही, त्या ढिगाला सांगतोय.

"तुमी गेल्यार मासळीचो टेम्पो इलेलो. डायवर म्हणालो, बर्फाच्या पेटये सरकवतंय, हिका मागे बसव. मीच नको म्हटलंय. म्हटलां, मिलिटरीचो डॉक्टर सांगान गेलो, ॲम्ब्युलन्स येता. ती टेम्पोत बसूक उठलेली. मी तिका परत बसवलंय."

भावोजींनी मान खाली घातली.

"दुपार झाली. मगे शेजाऱ्याची रिक्षा काढली. हॉस्पिटलात दोन दिस होती." त्याने हात टॉवेलाला पुसले. लाल रंग गेला नाही. "माका एकच सांगा. तुमी फोन केल्लास काय? मी ॲम्ब्युलन्सवाल्यांक लय गाळी दिलंय. अजून देतंय. त्येंका फोन गेलेलो काय?"

"नाय," मी म्हणालो. "मी केलंय नाय."

त्याने दोन-तीनदा मान हलवली. मग उठला, ओटीवरून एक पाट आणला आणि भावोजींसमोर ठेवला.

"सायब, तुमी बसा. इतके दिस मी तुमका..."

भावोजी बसले. माझ्यासाठी त्याने काही आणलं नाही आणि ते बरोबरच होतं. तो पुन्हा रातांब्यांपाशी बसला, एक उचलला, आणि वर न बघता मला म्हणाला, "साप बरो काढलास हां. माका खरोच वाटलो."

भावोजींनी त्याला विचारलं, घरात कोणाला साखर वगैरे आहे का. तो म्हणाला, मलाच आहे म्हणतात, तपासली नाही कधी. भावोजी म्हणाले, उद्या काही न खाता या. त्यांचं बोलणं होईपर्यंत मी अंगणात उभा होतो. रक्तदाबाची चिठ्ठी अजून माझ्या हातात होती. ती घामाने ओली झाली होती आणि आकडे पुसट झाले होते. मी ती घडी करून खिशात ठेवली.